एकच पार्ट नंबर, दोन बॅच: जुना मायक्रोकंट्रोलर गुणी, नवा सकाळी रुसतो

तारतम्य:
मंडळी, डोकं चालेनासं झालंय म्हणून धागा काढतोय.

आमचा एक छोटा कंट्रोलर बोर्ड आहे. ३.३ व्होल्टवर चालणारा ३२ बिटी मायक्रोकंट्रोलर (एका चिपवरचा छोटा संगणक), बाहेर घड्याळाचे ठोके द्यायला ८ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल, एक सिरियल पोर्ट, दोन-तीन सेन्सर आणि रिले. डिझाइन जुनं आहे, बरीच वर्षं सुखाने चाललंय. आता चिपची नवी रीळ आली. पार्ट नंबर अक्षरन् अक्षर तोच. डेट कोड (चिप कधी बनली त्याचा छापील आकडा) अर्थातच वेगळा, आणि खालच्या ओळीतलं एक अक्षर बदललेलं. बोर्ड तेच, फर्मवेअर तेच, जोडणी करणारी माणसंही तीच.

नव्या चिपचे दहातले तीन-चार बोर्ड पॉवर दिल्यावर सुरूच होत नाहीत. एलईडी नाही, रिले नाही, काही नाही. गंमत पुढे आहे. रिसेटचं बटण दाबलं की लगेच सुरू. पॉवर काढून तत्काळ परत दिली तरी सुरू. रात्रभर बंद ठेवून सकाळी दिली की हमखास मेलेला. आणि आत काय चाललंय ते बघायला प्रोग्रॅमर (चिपमध्ये कोड भरायचं आणि तपासायचं उपकरण) जोडावा, तर पठ्ठ्या असा शहाण्यासारखा चालतो की आपणच खोटे पडतो.

सप्लाय स्कोपवर पाहिला, सरळ चढतो. रिसेट पिनवरचा कपॅसिटर बदलून झाला. विक्रेत्याचं एका ओळीचं उत्तर: दोन्ही बॅच डेटशीटच्या (कंपनीच्या माहितीपत्रकाच्या) मर्यादेत आहेत. आमच्याकडे सगळ्यांचं ठाम मत आहे की बॅच खराब. पण रीळ परत पाठवायची तर पुरावा लागेल. तो कसा गोळा करायचा?

निगरगट्ट:
बंद करून चालू केलं की चालतंय ना? मग मॅन्युअलमध्ये तेवढी एक ओळ वाढवा. धागा संपला.

वाचनमात्र:
रुमाल टाकून ठेवतो. आमच्याकडेही एक भूत आहे, याच वंशाचं वाटतंय.

खटपट्या:
पहिलं काम, अदलाबदल. रुसणाऱ्या बोर्डवरची चिप काढून चांगल्या बोर्डवर लावा आणि चांगल्या बोर्डवरची याच्यावर. दोष चिपबरोबर गेला तर चिप, जागीच राहिला तर बोर्ड.

पण हे करताना बहुतेक जण एक पायरी गाळतात. हॉट एअर मारल्यावर शेजारचे सांधेही वितळून पुन्हा बसतात. एखादा कोरडा सांधा असेल तर तो त्या उष्णतेनेच बरा होतो आणि आपण चिपला दोष देऊन मोकळे. म्हणून आधी त्याच बोर्डवरची तीच चिप काढून तीच परत लावा, फ्लक्स धुवा आणि दोष अजून दिसतो का ते बघा. दिसला, मगच अदलाबदल करा. आणि एका जोडीवर थांबू नका, निदान तीन-चार जोड्या करा.

शिवाय रीळ उघडी किती दिवस पडली होती? ओलाव्याच्या तिसऱ्या वर्गातली चिप पाकीट फोडल्यावर १६८ तासांत भट्टीतून जायला हवी. नाहीतर आतल्या ओलाव्याची वाफ होऊन थर सुटतात. तसे दोष मात्र सहसा बटण दाबून बरे होत नाहीत, त्यामुळे इथे मला तो संशय कमी वाटतो.

घड्याळजी:
क्रिस्टल. न वाचताच सांगितलं असतं, पण वाचूनही तेच सांगतो.

फर्मवेअर सुरुवातीला 'ऑसिलेटर, म्हणजे क्रिस्टलवरचं घड्याळ, तयार आहे का' असं विचारत फिरत राहतं ना? त्या लूपला बाहेर पडायची वाट ठेवलीय का? नव्या बॅचमधल्या आतल्या ॲम्प्लिफायरचा जोर थोडा कमी असला तर थंड असताना क्रिस्टल उठायला वेळ लावतो किंवा उठतच नाही. स्कोपचा प्रोब लावून बघू नका. प्रोबचेच दहाएक पिकोफॅरड त्यात मिसळतात आणि मेलेला ऑसिलेटर जिवंत होतो किंवा उलट. घड्याळ एखाद्या पिनवर बाहेर काढायची सोय असेल तर तिथे मोजा.

खरी परीक्षा अशी: क्रिस्टलच्या रांगेत एक रेझिस्टर घाला आणि ऑसिलेटर सुरू होणं बंद पडेपर्यंत वाढवत न्या. तो रेझिस्टर अधिक क्रिस्टलचा स्वतःचा रोध, ही बेरीज क्रिस्टलच्या कमाल रोधाच्या पाचपट तरी भरायला हवी. दोन्ही बॅचवर करा आणि आकडे इथे टाका.

चकमक:
कोणी 'नकली' म्हणायच्या आत मीच म्हणते. रीळ अधिकृत विक्रेत्याकडची आहे का? लोकप्रिय चिपच्या पाठीवरचं घासून दुसरं नाव छापायचा धंदा जुना आहे. एसटीएम३२एफ१०३ घेतलेल्या अनेकांना हा अनुभव आहे: वर तेच नाव आणि आत दुसऱ्याच कंपनीचा गाभा. डीबगरने कोअरचा आयडी वाचला तर पहिला आकडा १ ऐवजी २ निघतो. काही क्लोन उघडपणे स्वतःच्या नावाने विकले जातात, त्यांच्याबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती वेषांतराबद्दल.

पाठीवर ॲसिटोनचा बोळा फिरवून बघा, काळा थर उतरतो का. पिन १ ची खूण दोन्ही बॅचमध्ये सारखी खोल आहे का? आयडी रजिस्टर आणि आवृत्ती दोन्हींची वाचा.

तारतम्य:
@चकमक, रीळ अधिकृत विक्रेत्याचीच, सीलबंद. ॲसिटोनने काहीच उतरलं नाही. डिव्हाइस आयडी तोच, आवृत्तीचा आकडा मात्र एकने पुढचा. म्हणजे सिलिकॉन सुधारून काढलेलं आहे. एराटा (कंपनीने मान्य केलेल्या दोषांची यादी) वाचला, आमच्या लक्षणाशी जुळणारं त्यात काही नाही.

@खटपट्या, उद्या करतो.
@घड्याळजी, लूपला वाट ठेवलेली आहे, क्रिस्टल उठला नाही तर आतल्या आरसीवर (चिपमधल्याच कमी अचूक घड्याळावर) जाऊन एलईडी लुकलुकवतो. तो लुकलुकत नाहीये.

घड्याळजी:
तरीही मोजा.

अर्धवाहक:
चिप बनतात तिथे काही वर्षं काढली आहेत, म्हणून 'दोन्ही बॅच मर्यादेत आहेत' या वाक्याबद्दल दोन शब्द. ते वाक्य टाळाटाळीचं वाटतं, पण बहुधा खरं असतं.

एकाच रेषेवरून निघालेल्या दोन वेफर लॉटमध्ये (सिलिकॉनच्या चकत्यांच्या गटांमध्ये) ट्रान्झिस्टरचा उंबरठा व्होल्टेज, गळती, वेग थोडा इकडेतिकडे असतोच. त्यात उत्पादन दुसऱ्या कारखान्यात नेलं किंवा डायची (चिपच्या आतल्या सिलिकॉनच्या तुकड्याची) नवी आवृत्ती काढली तर फरक आणखी वाढतो. किती फरक चालतो हे डेटशीटच्या किमान आणि कमाल या रकान्यांत लिहिलेलं असतं आणि आपण मात्र मधलाच रकाना वाचतो. एटीमेगा३२८पी सगळ्यांच्या परिचयाचा, म्हणून त्याचे आकडे देतो. ब्राउनआउटची, म्हणजे सप्लाय घसरल्यावर चिप स्वतःला रिसेट करते ती, २.७ व्होल्टची पायरी प्रत्यक्षात २.५ ते २.९ मध्ये कुठेही पडू शकते. आतला १.१ व्होल्टचा संदर्भ १.० ते १.२. पुल-अप (पिनला वर ओढून धरणारा रेझिस्टर) २० ते ५० किलोओहम. आतल्या आरसी ऑसिलेटरची कारखान्यातली अचूकता १० टक्के इकडे किंवा तिकडे. ईएसपी३२ च्या एडीसीचा (व्होल्टेजचा आकडा करून देणाऱ्या भागाचा) संदर्भही चिपगणिक १००० ते १२०० मिलिव्होल्ट.

आता समजा कोणी आतल्या आरसीवर सिरियल पोर्ट चालवला. सुरुवात आणि शेवटाचे धरून दहा बिट, शेवटचा बिट मधोमध वाचायचा, म्हणजे दोन्ही बाजू मिळून जेमतेम साडेचार-पाच टक्के चूक खपते, व्यवहारात दोन टक्केच धरावी. जुनी बॅच योगायोगाने अर्ध्या टक्क्यात होती, नवी तीन टक्क्यांवर आली. नव्या बॅचने काहीही मोडलेलं नाही. जुनी खपवून घेत होती, एवढंच.

तसंच फ्लॅशचं (प्रोग्रॅम साठवण्याच्या मेमरीचं). एसटीएम३२एफ१०३ ला २४ मेगाहर्ट्झपर्यंत वेट स्टेट (फ्लॅशसाठी थांबायचा ठोका) लागत नाही, ४८ पर्यंत एक, ७२ पर्यंत दोन. कोणी ७२ वर एकच ठेवली तरी चपळ लॉटची चिप चालून जाते. मंद लॉट आला की भलत्याच सूचना वाचून कोलमडते, आणि तीही तापल्यावर.

वाखू:
वाचनखूण साठवली. अर्धवाहक, स्वतंत्र लेख लिहा हो.

निगरगट्ट:
म्हणजे डेटशीटचा मधला रकाना फक्त विक्री विभागासाठी असतो. नोंद घेतली.

धूमकेतू:
हे सगळं ठीक आहे, पण आवृत्ती बदलली तर ग्राहकाला आधी कळवायला नको? पीसीएन (उत्पादनात बदल केल्याची कंपनीची सूचना) नावाचा प्रकार असतो, त्यासाठी जे-एसटीडी-०४६ हे मानकही आहे. मोठ्या गिऱ्हाइकांना पत्रं जातात आणि रिळीने घेणाऱ्या लहान माणसाच्या नशिबी डेट कोडची भिंगं लावून तपासणी. आम्हाला एका बदलाचा पत्ता लागला तो गिऱ्हाइकाच्या शिव्यांतून.

अर्धवाहक:
@धूमकेतू, तुमचा राग रास्त आहे. पण पीसीएन विक्रेत्याच्या साइटवर येऊन पडलेली असते आणि ईमेलची नोंदणी कोणीच केलेली नसते, हेही तितकंच पाहिलंय. आणि दुसरं, पीसीएनमध्ये 'विद्युत गुणधर्मांत बदल नाही' असंच लिहिलेलं असतं. आपण गुणधर्माबाहेरच्या गोष्टीवर टेकलेलो असलो तर ते पत्र वाचूनही काही उमगत नाही.

रेझिस्टन्सबाई:
अवांतर: बॅचच्या फरकाला आपणच पहिले बळी नाही. १९८२ च्या कमोडोर ६४ मधली ६५८१ ही ध्वनिचिप आठवते का? तिचा फिल्टर चिपगणिक इतका वेगळा लागायचा की संगीतकाराने आपल्या मशीनवर जुळवलेला सूर दुसऱ्याच्या घरी घोगरा वाजे. तिच्या आवाजाच्या रजिस्टरला डीसी ऑफसेटची (आवाज नसतानाही उरणाऱ्या व्होल्टेजची) खोड होती. लोकांनी तीच वापरून बोललेला आवाज वाजवून दाखवला. मग सुधारित ८५८० आली, ऑफसेट जवळपास गेला, आणि सगळे तक्रार करायला लागले की नव्या चिपमध्ये आवाज दबतो! शेवटी जास्तीचा रेझिस्टर लावून ती खोड परत आणली.

खटपट्या:
हहपुवा (हसून हसून पुरेवाट). दोष दुरुस्त केला म्हणून तक्रार, हे फक्त आपल्याच धंद्यात.

चकमक:
अवांतरात भर: सगळ्यात सुरुवातीच्या ६५०२ प्रोसेसरमध्ये उजवीकडे फिरवायची आरओआर ही सूचनाच नव्हती. जून १९७६ नंतरच्या चिपमध्ये आली. म्हणजे डेट कोड वाचून प्रोग्रॅम लिहायचा.

आणि अगदी अलीकडचं म्हणाल तर २०२४ साली आलेला आरपी२३५०. ए२ आवृत्तीत इनपुट पिनची गळती अशी की आतला पुल-डाउन तिला खाली ओढू शकत नाही, पिन साधारण २.२ व्होल्टवर लोंबकळत राहते. त्यांनी एराटात ई९ क्रमांकाने मान्य केलं, बाहेरून ८.२ किलोओहम किंवा त्याहून कमीचा पुल-डाउन लावायला सांगितलं आणि ए४ आवृत्तीत दुरुस्त केलं. तेव्हा दर वेळी दोष डिझाइनचाच असतो असंही नाही हां, @अर्धवाहक.

अर्धवाहक:
मान्य. मी 'बहुधा' म्हटलं होतं.

तारतम्य:
अदलाबदल झाली. खटपट्यांनी सांगितल्याप्रमाणे आधी तीच चिप तिथेच परत लावून पाहिली, दोष जागचा हलला नाही. मग अनेक जोड्या बदलल्या. प्रत्येक वेळी दोष चिपबरोबर गेला. रुसणारी चिप कुठल्याही बोर्डवर रुसते, चांगली कुठेही चालते. आणि त्याच त्याच चिप रुसतात, पाळीपाळीने नाही.

आणखी एक विचित्र गोष्ट. सिरियल केबल संगणकाला जोडून ठेवली असेल तर सकाळीसुद्धा बोर्ड सुरू होतो. आम्ही एरवी लॉग बघायला केबल लावूनच ठेवतो, म्हणून सुरुवातीला आमच्या टेबलावर दोष दिसायचाच नाही.

तर मंडळी, चिप खराब हे सिद्ध झालं असं समजून पत्र लिहू का?

जुनाट ट्रान्झिस्टर:
थांबा, पत्र लिहू नका.

दोष चिपबरोबर गेला यावरून एवढंच कळलं की या दोन चिपमध्ये फरक आहे. तो फरक असायला त्यांना परवानगी होती की नव्हती, हे अजून कळलेलं नाही. विक्रेता पहिला प्रश्न विचारेल: डेटशीटमधली कुठली ओळ मोडली? तुमच्याकडे उत्तर नाही.

तुमची लक्षणं एका रांगेत ठेवून बघतोय. जास्त वेळ बंद राहिला की रुसतो, थोडा वेळ बंद राहिला की नाही. रिसेटने सुधारतो. प्रोग्रॅमर जोडला की सुधारतो, पण प्रोग्रॅमर जोडताना बहुतेक सॉफ्टवेअर चिपला रिसेट देतंच, म्हणजे ही रिसेटचीच दुसरी आवृत्ती. आणि सिरियल केबल. तुमचा बोर्ड बंद असताना केबलची टीएक्स लाइन ३.३ व्होल्टवर उभी असते. तो प्रवाह चिपच्या पिनवरच्या संरक्षक डायोडमधून सप्लायच्या रेषेवर शिरतो. बोर्ड दिसायला बंद, पण चिपच्या नाकाशी थोडा व्होल्टेज सतत.

चारही ठिकाणी समान धागा एकच दिसतो: पूर्ण अंधारातून उठताना रुसतो, एरवी नाही. पूर्ण अंधारात काय पुसलं जातं? रॅम.

आता हे करा. सकाळी रुसलेल्या बोर्डला हात लावू नका. प्रोग्रॅमर 'रिसेट न देता जोडा' या पर्यायाने जोडा, बहुतेक साधनांत तो असतो. रिसेटची तार तर काढूनच ठेवा. जोडल्यावर प्रोसेसर थांबवा आणि प्रोग्रॅम काउंटर (पुढची सूचना कुठली ते दाखवणारा) कुठल्या पत्त्यावर आहे तेवढं लिहून आणा. चिप मेलीय की कुठेतरी निवांत फिरतेय, हे आधी कळू दे.

घड्याळजी:
काउंटर ऑसिलेटरच्या लूपमध्ये सापडेल. लिहून घ्या.

निगरगट्ट:
पैज लावणाऱ्यांनी रांगेत यावं.

मनमौजी:
मला वाटतं ब्राउनआउटची पायरी... प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे). वरचं नीट वाचलं नव्हतं.

वाचनमात्र:
तारतम्य, कुठे गेलात? इकडे जीव टांगणीला.

तारतम्य:
आलो, आलो. जुनाट ट्रान्झिस्टर, दंडवत घ्या.

रुसलेला बोर्ड, रिसेटची तार काढलेली, रिसेट न देता जोडला. चिप ठणठणीत जागी होती. काउंटर फ्लॅशच्या पहिल्या ८ किलोबाइटमध्ये, म्हणजे आमच्या बूटलोडरच्या (आधी उठून मुख्य प्रोग्रॅम सुरू करणाऱ्या किंवा बदलणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमच्या) भागात. मॅप फाइलशी (कुठला कोड कुठल्या पत्त्यावर आहे त्या यादीशी) ताडून पाहिलं: 'सिरियलवरून अपडेटचा पहिला बाइट येईपर्यंत थांब' या लूपमध्ये तो फिरत होता. चिप मेलेली नाही. ती नव्या फर्मवेअरची वाट बघत बसलीय!

आता ती तिथे का गेली ते सांगतो. मुख्य प्रोग्रॅमला अपडेट हवं असेल तर तो रॅममधल्या एका ठरलेल्या बाइटमधला एक बिट १ करतो आणि स्वतःला रिसेट देतो. सुरुवातीच्या कोडने पुसू नये म्हणून तो बाइट नोइनिट भागात ठेवलाय. बूटलोडर उठला की आधी तो बिट बघतो. १ असेल तर शून्य करून अपडेटची वाट बघतो, ० असेल तर मुख्य प्रोग्रॅमला उडी. हा बूटलोडर आधीच्या एका प्रॉडक्टमधून जसाच्या तसा आलेला, त्याकडे कोणी वळून पाहिलं नव्हतं.

पॉवर नुकतीच आली असेल तेव्हा त्या बिटमध्ये काय असेल, हे कुठेच ठरलेलं नाही. रुसणाऱ्या चिपमध्ये तो १ उठतो. वाट बघण्याआधी बूटलोडर तो शून्य करतो, म्हणून रिसेट दाबला की सगळं सुरळीत. पॉवर थोडाच वेळ काढली तर तो शून्य टिकून राहतो. स्कोप लावून पाहिलं: पॉवर काढल्यावर सप्लाय झटकन उतरतो, पण अर्ध्या व्होल्टच्या आसपास आल्यावर तिथेच रेंगाळतो. शून्यापर्यंत जायला भरपूर वेळ घेतो. सिरियल केबल लावली तर पोचतच नाही, दीड व्होल्टच्या वर राहतो.

वॉचडॉगचं (प्रोग्रॅम अडकला तर रिसेट देणाऱ्या पहारेकऱ्याचं) कोणी विचारायच्या आत: बूटलोडर त्या लूपमध्ये बसून वॉचडॉगला इमानेइतबारे थोपटत होता.

चकमक:
कमाल! एलईडी का लुकलुकला नाही तेही कळलं. बूटलोडरला एलईडी माहीतच नाही.

अर्धवाहक:
आता 'त्याच त्याच चिप का' याचं उत्तर माझ्याकडून.

स्टॅटिक रॅमचा एक बिट म्हणजे एकमेकांना धरून ठेवणारे दोन इन्व्हर्टर. पॉवर चढताना दोघांत चढाओढ होते आणि ज्याचे ट्रान्झिस्टर किंचित बलवान तो जिंकतो. हा किंचित फरक चिप बनतानाच ठरलेला असतो, म्हणून बहुतेक बिट दर वेळी त्याच बाजूला पडतात. हे इतकं विश्वासार्ह आहे की पॉवर येतानाचा रॅमचा नमुना चिपची ओळख म्हणून वापरतात. पीयूएफ म्हणतात त्याला. एखाद्या डायच्या आखणीत दोन बाजू पूर्ण सारख्या नसतील तर अख्ख्या भागाचा कल ० कडे किंवा १ कडे झुकतो. जुन्या डायमध्ये तुमचा बाइट ० कडे झुकलेल्या जागी असावा, नव्या आवृत्तीत रॅमची आखणी बदलली आणि नशीब फिरलं. कुठल्याही डेटशीटमध्ये पॉवर आल्यावरच्या रॅमबद्दल वचन नसतं, असलं तर 'अनिश्चित' एवढंच.

थंडीत रॅम जास्त वेळ टिकते, तेव्हा फ्रीझ स्प्रे मारून बघितलं असतंत तर थोडा वेळ बंद ठेवलेला बोर्ड उलट जास्तच गुणी वागला असता आणि तुम्ही आणखी चक्रावला असतात. ज्या चिपच्या रॅमला ईसीसी (चूक ओळखणारे जादा बिट) असतो तिथे हा दोष पहिल्याच दिवशी सापडतो, कारण न लिहिलेली जागा वाचली की सरळ एरर येतो.

खटपट्या:
मला एक सांगा तारतम्य, कल झुकलेला असला तरी जुन्या बॅचमध्ये शंभरात एखादी चिप तरी १ वर उठणारी असणारच. तेव्हा तक्रार आलीच नाही?

तारतम्य:
जुन्या नोंदी काढून बघितल्या. 'बोर्ड सुरू झाला नाही, ग्राहकाने बंद-चालू केल्यावर चालला' अशा तुरळक नोंदी आहेत. पुढे शेरा: दोष आढळला नाही.

निगरगट्ट:
पहिल्या प्रतिसादात मी दिलेलाच उपाय. मानधन कुठे पाठवताय?

जुनाट ट्रान्झिस्टर:
दुरुस्ती करताना नुसता एका बिटाचा ३२ बिटांचा आकडा करून थांबू नका. शक्यता अब्जावधींत एक होते हे खरं, पण अर्धवट टिकलेल्या रॅममध्ये जुनाच खरा आकडा शिल्लक असू शकतो. आधी रिसेटचं कारण वाचा. पॉवर येऊन झालेला रिसेट असेल तर रॅमकडे बघूच नका, सरळ पुढे चला. सॉफ्टवेअरने दिलेला रिसेट असेल तरच आकडा आणि शेजारी त्याचा उलटा आकडा, दोन्ही जुळले तर अपडेट.

एक खाचखळगा: बऱ्याच चिपमध्ये पॉवर येते तेव्हा पॉवरचा आणि रिसेट पिनचा असे दोन्ही झेंडे (रिसेटचं कारण सांगणारे बिट) वर असतात. एसटीएम३२ मध्ये असंच आहे. म्हणून पॉवरचा झेंडा आधी तपासा. आणि वाचून झाल्यावर झेंडे पुसा, नाहीतर पुढच्या रिसेटला जुनंच कारण दिसत राहील.

धूमकेतू:
सगळं पटलं, तरी मी म्हणणारच: आवृत्ती बदलल्याचं आधी कळलं असतं तर पहिल्या दिवशीच नव्या चिपकडे वेगळ्या नजरेने पाहिलं असतं.

तारतम्य:
@धूमकेतू, यात वाद नाही. पीसीएनच्या ईमेलची नोंदणी आता केलीय.

आता खरी डोकेदुखी: बाहेर गेलेले बोर्ड. बूटलोडर स्वतःला बदलू शकत नाही. मुख्य प्रोग्रॅमच्या अपडेटमधून बूटलोडरची पानं (फ्लॅशचे एकदम पुसले जाणारे तुकडे) पुसून नवी लिहायची म्हटलं तर नेमकी तेव्हाच वीज गेली की बोर्ड कायमचा वीट.

खटपट्या:
वीट होऊ नये अशी वाट आहे. बूटलोडर अख्खा बदलू नका. त्यातली ती एक तपासणी जिथे आहे तेवढं एकच पान बदला. त्याआधी नवं पान फ्लॅशमध्ये दुसरीकडे लिहून त्याची बेरीज तपासा, सप्लाय मोजा, व्होल्टेज पुरेसा असेल तरच पुसा. धोका काही मिलिसेकंदांवर येतो. शून्यावर मात्र येत नाही.

चकमक:
पण रीसेट व्हेक्टर (चिप उठल्यावर पहिली उडी कुठे घ्यायची तो पत्ता) त्याच पानात असेल तर एक पान काय आणि दहा काय, सारखंच. मॅप फाइल बघा आधी. आणि त्या पानांवर लिहिण्याचं संरक्षण लावलंय का? लावलं असेल तर ऑप्शन बाइट (चिपच्या सेटिंगचे बाइट) बदलावे लागतील आणि ती वेगळीच जोखीम.

रेझिस्टन्सबाई:
मी तर म्हणते रुसलेल्या बोर्डांना दुरून हात लावूच नका. ते अपडेटचीच वाट बघत बसलेत ना? तंत्रज्ञ एरवी देखभालीला जाईल तेव्हा प्रोग्रॅमरने नवा बूटलोडर चढवू दे. तोवर न रुसणारे बोर्ड चालतच आहेत, कारण अर्धवाहक म्हणाले तसं बिट सहसा बाजू बदलत नाहीत.

अर्धवाहक:
'सहसा' अधोरेखित करा. काही बिट काठावर असतात, आणि वर्षानुवर्षांच्या वापराने ट्रान्झिस्टर थोडे सरकतात. आज न रुसणारा उद्या रुसू शकतो.

तारतम्य:
मॅप पाहिला. तपासणी दुसऱ्या पानात आहे, व्हेक्टर पहिल्यात. लिहिण्याचं संरक्षण लावलेलं नाही, कोणी लावायला विसरलं ते बरंच झालं. खटपट्यांच्या वाटेने जातोय, आधी आमच्याकडच्याच बोर्डांवर. चाचणीसाठी सप्लायच्या दोन टोकांना एक रेझिस्टर लावलाय, म्हणजे पॉवर काढली की रेषा खरोखर शून्यावर येते. रिलेने रात्रभर बंद-चालू करतोय, सिरियल केबल सोडवून. आतापर्यंत एकही रुसलेला नाही.

वाचनमात्र:
माझं भूत वेगळं निघालं. आमच्याकडे एडीसीचे आकडे बॅचगणिक सरकतात.

अर्धवाहक:
आतला संदर्भ वापरताय का? कारखान्यातला कॅलिब्रेशनचा आकडा चिपमध्ये साठवलेला असतो, तो वाचून वापरता की कोडमध्ये ठराविक आकडा ठोकलाय? नवा धागा काढा, तिथे बोलू.

घड्याळजी:
@तारतम्य, क्रिस्टलचं काय झालं? रेझिस्टर घालून मोजलंत का?

तारतम्य:
मोजलं हो. बोर्डवर दोन्ही बाजूंना २२ पिकोफॅरड आहेत आणि क्रिस्टलला हवेत ८. रांगेतले दोन मिळून ११, त्यात तारांचे चारएक, म्हणजे जवळपास दुप्पट भार पडतोय. नव्या बॅचवर तो रेझिस्टर धरून बेरीज जेमतेम तिप्पट भरली.

घड्याळजी:
प्रत्येकी ८ चे लावा. आणि पुढच्या वेळी माझं आधी ऐका.